पावलांवरून भाग्य सांगणे योग्य आहे का? चिनी पादलक्षणांविषयी चर्चा

वाटसरू
चिनी देहलक्षणविद्येत चेहऱ्याबरोबर पावलांचाही विचार केलेला आहे. मिंग राजवटीच्या काळातल्या (१३६८–१६४४) ‘शनश्यांग च्वानप्येन’ या संकलनात, पाऊल सर्वांत खाली असले तरी सगळ्या देहाचा भार तेच वाहते म्हणून त्याचे काम फार मोठे आहे, असे म्हटले आहे. हे मला मनापासून पटते. मात्र पुढे रुंद, मऊ पाऊल श्रीमंतीचे आणि पातळ, राठ पाऊल दारिद्र्याचे लक्षण ठरवले आहे, आणि माझा आक्षेप तिथे आहे. ओझी वाहणाऱ्याचे पाऊल राठ होते ते कष्टांनी. ज्या खुणा गरिबीने उमटवल्या, त्यांनाच गरिबीचे भाकीत म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

जुनी वही
आपण एकच अवयव सुटा काढून बोलत आहात. लक्षणे पाहणारा चाल, आवाज, चेहऱ्यावरचे तेज हे सारे एकत्र पाहतो, आणि ‘रूप मनातून उपजते’ ही चिनी म्हणही प्रसिद्ध आहे. शिवाय ही विद्या नेहमी धनिकांचीच बाजू घेते असे नाही. आन लुशान हा हलक्या हुद्द्यावर असताना सेनापतीचे पाय धूत होता. सेनापतीने आपल्या तळव्यावरचा तीळ थोरपणाची खूण म्हणून सांगितला, तेव्हा तो म्हणाला की माझ्या दोन्ही तळव्यांवर तसे तीळ आहेत आणि ते याहून मोठे आहेत, अशी कथा आहे. त्याच आन लुशानने इ.स. ७५५ मध्ये बंड करून थांग साम्राज्य हादरवले.

वाटसरू
अशा कथा बंड झाल्यावर रंगतात. तळव्यांवर तीळ असूनही अनामिक राहिलेल्यांची कथा कोणी सांगत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात श्युन्त्झ या चिनी तत्त्ववेत्त्याने या विद्येविरुद्ध प्रकरणच लिहिले. याओ उंच होता आणि शुन ठेंगणा, तरी दोघेही आदर्श राजे मानले जातात, हे दाखवून त्याने रूप पाहण्यापेक्षा मन पारखावे असे म्हटले. म्हणजे हा आक्षेप चीनमधलाच आहे आणि फार जुना आहे.

माजघर
या चर्चेत स्त्रिया कुठेच आल्या नाहीत. चीनमध्ये मुलीचे पाऊल बालपणीच आवळून बांधत, कारण लग्न ठरवताना तेच पाहिले जाई. आदर्श पाऊल तीन त्सुनांचे, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटरचे. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने ही प्रथा बेकायदा ठरवली. पावलावरून पारख करण्याची किंमत त्या मुलींनी हाडे मोडून घेऊन दिली. आपल्याकडेही पायगुण पाहतात. माझ्या आजीच्या लग्नानंतर महिन्याभरात तिचे सासरे वारले आणि ती जन्मभर ‘पांढऱ्या पायाची’ राहिली.

जुनी वही
आपल्या आजींच्या बाबतीत माझ्याकडे कोणताही बचाव नाही. पाऊल बांधणे आणि पाऊल वाचणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मी अजूनही म्हणेन.

माजघर
निराळ्या असतील, पण दोन्हींत त्या मुलीला कोणी काही विचारले नाही.