स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावल्यापासून घूं आवाज

म्हापसेकर: बाबांची केसरबाईंची एलपी नीट ऐकावी म्हणून टर्नटेबलला डेनॉन डीएल-१०३ काट्रिज (सुई असलेला, फार क्षीण सिग्नल देणारा भाग) बसवलं. मध्ये सिग्नल दहापट वाढवणारा १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, पुढे अ‍ॅम्पचं एमएम (मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजसाठीचं) इनपुट. गाणं सुरेख येतं, पण मागे सतत घूंऽऽ. टोनआर्मला (काट्रिज धरणाऱ्या दांडीला) बोट लावलं की कमी होतं. काय चुकलं असेल?

फोंडेकर: टोनआर्मची अर्थिंग सुटलीय. टर्नटेबलची बारीक ग्राउंड तार ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला जोडा आणि पेटीतून एकच तार अ‍ॅम्पच्या ग्राउंड स्क्रूला. ग्राउंडला दुसरी वाट ठेवली तर लूप होतो, म्हणजे तारांचं वेटोळं बनून घूं आवाज शिरतो. आपल्या पावसाळ्यात प्लगवर हिरवट थर चढतो, तोही पुसा.

मडगावकर: जोडणी बरोबर आहे. काट्रिजच्या ०.३ मिलिव्होल्टचे ३ होतात, आणि एमएम इनपुटचा ४७ हजार ओमचा रोध ट्रान्सफॉर्मरमधून काट्रिजला ४७० ओमचा दिसतो. काट्रिजच्या स्वतःच्या ४० ओम रोधाला ते छान मानवतं. पेटी मात्र अ‍ॅम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा, जागेवर वळवूनही बघा. पेटीपासून पुढे जाणारी केबल आखूडच हवी, नाहीतर वरचे सूर बिघडतात.

म्हापसेकर: स्क्रूखाली गंजच होता! पॉलिश पेपरने घासला, पेटी हातभर सरकवली. आता तानपुरा सुटा ऐकू येतो. बाबा शेजारीच बसलेत.