शाळा बुडवून सहलीला: कोल्हापूरकरांचे अनुभव

मुलांना घेऊन फिरायला जायचं ते दिवाळीत नाहीतर मे महिन्यात, हे शाळेचं वेळापत्रकच ठरवून टाकतं. पण कोल्हापुरातल्या कितीतरी घरांचं पोट याच दोन सुट्ट्यांवर चालतं. बाकी महाराष्ट्राच्या शाळा सुटल्या की अंबाबाईच्या दर्शनाची रांग वाढते, भवानी मंडपात पाय ठेवायला जागा उरत नाही. लॉज, खानावळी, चप्पल लाईन, सराफांची गुजरी, रिक्षावाले, सगळे त्याच दिवसांत कमावतात. आमचं महाद्वार रोडच्या आतल्या बोळात छोटं यात्री निवास आहे. मुलांना सुट्टी असते तेव्हा आमच्या खोल्या भरलेल्या असतात आणि खोल्या रिकाम्या होईपर्यंत शाळा सुरू झालेली असते. त्यामुळे आम्ही जुलैत नाहीतर जानेवारीतल्या एखाद्या मधल्या आठवड्यात बाहेर पडतो, आणि मुलांची शाळा बुडते.

यंदा धाकटीच्या पालकसभेत या विषयावर बरीच बोलाचाली झाली. निम्मे पालक म्हणाले, शिस्त बिघडते. निम्मे म्हणाले, एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही. प्रत्यक्षात काय झालं ते मात्र कुणीच सांगेना. म्हणून हा धागा काढते आहे. मुलांना शाळा बुडवून नेलंत का, का न्यावं लागलं, शाळेला काय सांगितलंत, आल्यावर अभ्यासाचं काय झालं, हे सविस्तर लिहा. विरोध असेल तर तोही लिहा. मुलांची आणि शाळांची नावं नकोत.

माझं मत आधीच सांगते. प्राथमिकच्या वर्गांत थोडे दिवस बुडाले तर ते भरून निघतात. पण "ताप आला होता असं सांग" म्हणून मुलाला वर्गात पाठवणं मला अजिबात पटत नाही. सहल आपण ठरवली, तर बाईंशी बोलायचंही आपणच.

दुकानदार, चप्पल लाईन

ताई, तुम्ही आमच्याच घरचं लिहिलंय. मे महिन्यात दुपारी जेवायला घरी जायची सवड नसते. पाऊस लागला की मात्र चपलेला कोण विचारत नाही, कातड्याचा माल भिजवायला कोण घेणार? म्हणजे आमची सुट्टी जुलैत. आणि जुलैत तिकीटही मिळतं. मे महिन्यात वेटिंगच. आता तर आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, गर्दीच्या दिवसांत खिडकी उघडते न उघडते तोवर सगळं भरलेलं असतं.

गेल्या जुलैत हरिप्रिया धरून तिरुपती आणि तिथनं पुढं मदुरै-रामेश्वर केलं. इकडं धो धो पाऊस, तिकडं कोरडं. पोरगा पाचवीत. जायच्या आधी मी स्वतः शाळेत गेलो. अर्जात सरळ लिहिलं की धंद्यामुळं मे महिन्यात जमत नाही, कुटुंबासह रामेश्वरला चाललोय. सरांनी अर्ज वाचला, पोराकडं बघितलं आणि म्हणाले, "जा, पण पांबनचा पूल नीट बघून ये आणि आल्यावर वर्गाला सांग."

मग काय, पोरगं समुद्रावरच्या त्या रेल्वे पुलाशिवाय दुसरं बोलेना. जुना पूल १९१४ चा, शेजारी नवा २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला. जहाज आलं की नव्या पुलाचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. आल्यावर त्यानं खडूनं अख्ख्या फळ्यावर पूल काढला आणि वर जाणारा भाग दाखवायला डस्टर आडवं धरून उचललं. सरांनी पुढचा तास त्यावरच घेतला. अपूर्णांक मात्र बुडाले ते बुडालेच. माझ्या बहिणीच्या पोरीनं रविवारी बसवून घेतलं, तेव्हा कुठं रुळावर आला.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, करवीर तालुका

शिक्षकाच्या बाजूनं लिहिते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. म्हणजे एका मुलाचे पाच दिवस गेले तर आभाळ कोसळत नाही. पण कुठले पाच दिवस, याला महत्त्व आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना जून-जुलैत नेऊ नका. तेव्हा मूल वर्गात बसायला शिकतं, अक्षरओळख चालू असते, आणि मध्येच खंड पडला की पुन्हा रडारड सुरू होते. चौथीच्या पुढं गणिताचा नवा घटक सुरू होतोय का, ते विचारून जा. सहामाही परीक्षा संपल्यावरचे दिवस आणि स्नेहसंमेलनाचा आठवडा सगळ्यात सोयीचे. फक्त स्नेहसंमेलनात मुलाचं काही असेल तर त्याला आधी विचारा. आणि पुराच्या वर्षी शक्यतो नकोच. २०१९ ला आणि २०२१ ला नदीकाठच्या शाळांचे किती दिवस गेले, ते आम्हाला विचारा. वर्गखोल्यांत पूरग्रस्त कुटुंबं राहिलेली, त्यानंतर चिखल काढायचा, मग शाळा.

खोटं सांगण्याबद्दल ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्या वर्गातली तिसरीतली एक मुलगी आठवड्यानं परत आली आणि दारातच म्हणाली, "बाई, मला ताप आला होता." पाठ केलेलं वाक्य, ते लगेच कळतं. दुपारी मराठीच्या तासाला 'मी पाहिलेली गंमत' असं लिहायला दिलं. तिनं गणपतीपुळ्याचा समुद्र लिहिला: पायाखालची वाळू कशी सरकते, ओला फ्रॉक अंगाला कसा चिकटतो. वर्षभरात तिनं एवढं सुंदर काही लिहिलं नव्हतं. वही माझ्याकडे देताना एकदम थबकली, ओठ थरथरायला लागले आणि वही पाठीमागं धरून उभी राहिली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, समुद्राचं मला वाचून दाखव. त्या पोरीला एवढं घाबरवायची काय गरज होती? तिच्या आईनं मला एक फोन केला असता तर मी हसत हसत परवानगी दिली असती.

आणखी एक. दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडची मुलं आईवडिलांबरोबर येतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडातच असतात. आम्ही पालावर जाऊन त्यांना शाळेत आणतो. काही येतात, काही धाकट्या भावंडाला सांभाळत पालावरच राहतात. शाळा बुडण्याची खरी काळजी त्यांच्यासाठी करायला हवी. सहलीला गेलेलं मूल घरी येऊन वही पूर्ण करतं, आईबाप मागं लागतात. या मुलांच्या मागं कोण लागणार?

निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ

माझा विरोध आहे. हे राजर्षी शाहूंचं गाव आहे. १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हती. शाळा ही सवडीनं जायची जागा नाही, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. एका पालकाला सूट दिली की दुसरा येतो, मग तिसरा. चाळीस मुलांच्या वर्गात दर आठवड्याला चार गैरहजर असले तर शिकवणाऱ्यानं पुढं जायचं कसं? शिष्यवृत्तीच्या वर्गाला तर एक दिवसही नको. फिरायचं असेल तर शनिवार-रविवार पन्हाळा आहे, दाजीपूर आहे, नरसोबाची वाडी आहे.

धागाकर्ती

सर, तुमचं वर्गाबद्दलचं म्हणणं मला पटतं. तो विचार आम्ही पालक करत नाही, करायला हवा. पण शनिवार-रविवार आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी असते, तेव्हा घर सोडता येत नाही. महाराजांचा कायदा पोरांना शाळेतच न पाठवणाऱ्यांना वठणीवर आणण्यासाठी होता. वर्षातून एकदा आईबापाबरोबर गेलेल्या मुलाला तो लावावा असं मला वाटत नाही.

मूळची राजारामपुरीची, आता इंग्लंडमध्ये

सरांनी दंडाचा विषय काढला म्हणून लिहिते. इथं तो दंड आजही आहे. शाळेच्या दिवसांत सुट्टीसाठी मुलाला बाहेर नेलं आणि दहा आठवड्यांत मिळून पाच दिवस बुडाले, तर प्रत्येक मुलामागे आई आणि वडील दोघांनाही वेगवेगळा दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून तो २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, उशीर केला तर १६०. एका वडिलांनी मुलीला शाळा बुडवून अमेरिकेत फिरायला नेलं आणि दंड भरायला नकार दिला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला.

आमची अडचण दिवाळीची. सणाच्या त्या एका दिवसाची रजा शाळा देते, पण कोल्हापूरला जाऊन यायला एक दिवस कसा पुरेल? इथली ऑक्टोबरची छोटी सुट्टी आणि दिवाळी एकत्र आली तर आमची लॉटरी, नाहीतर व्हिडिओ कॉलवर फराळाचं ताट बघायचं. सासूबाई दरवर्षी विचारतात, "चार दिवस शाळा बुडवली तर काय पोलीस येतात काय?" त्यांना हे समजावून सांगताना घसा दाटतो. तुमच्याकडे शिक्षकांशी बोलून प्रश्न सुटतो, ही फार मोठी गोष्ट आहे. ती जपा.

जवानाची पत्नी, गडहिंग्लज तालुका

आमच्याकडे सुट्टी शाळेची बघत नाहीत, मालकांची बघतात. ते अरुणाचलला आहेत. कधी सप्टेंबरमध्ये रजा मंजूर होते, कधी जानेवारीत, आणि मंजूर झालेली रद्दही होते. आले की पहिले काही दिवस देवदर्शन, पै-पाहुणे, शेतीची कामं. मग एक आठवडा फक्त आमचा, कोकणात नाहीतर गोव्याला. शाळेत आम्ही कधी काही लपवलं नाही. गावात अर्ध्या घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे, गुरुजींना सगळं ठाऊक असतं. एकदा गुरुजी स्वतःच म्हणाले, "पप्पा आलेत न्हवं? मग शाळंत काय करतोस?" मुलगा सहावीत आहे. त्याला पोहायला त्यांनीच शिकवलं, मालवणला, सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी. वार लक्षात राहिला, कारण किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

इंजिनिअर, नागाळा पार्क

आम्ही धंदेवाले नाही, दोघांनाही शनिवार-रविवार मोकळे. तरीही मुलीला सातवीत असताना साताऱ्याजवळच्या कास पठारावर मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवशी नेलं. पठार फुलतं ते ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्या काळात शाळांना सुट्टी नसते आणि मे महिन्यात तिथं नुसता तापलेला कातळ असतो. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, मुलांना खाली बसून काही बघताच येत नाही.

बुधवारी आम्ही निवांत उकिडवे बसलो. सीतेची आसवं नावाची जांभळी फुलं तर सगळेच बघतात. ती वनस्पती जमिनीखाली असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले किडे पकडते, हे तिथल्या गाईडनं सांगितलं. शेजारी ओल्या मातीत रुपयाएवढं लालसर ड्रॉसेरा होतं, पानाच्या केसांवर चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. मुलगी बराच वेळ तिथून हलली नाही. कीटकभक्षी वनस्पती त्याच वर्षी विज्ञानाच्या पुस्तकात होत्या. शाळेच्या डायरीत आम्ही 'कास पठार पाहण्यासाठी एक दिवस रजा' असंच लिहिलं होतं. बाईंनी खाली सही करून लिहिलं, 'फोटो आणावेत.'

कॉलेजमधली मुलगी, कसबा बावडा

मुलांच्या बाजूनं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. आमचा गुळाचा व्यापार, त्यामुळे लहानपणी आम्हीही असेच मधेच जायचो. फिरायला मजा यायची, पण परत आल्यावरचा पहिला दिवस नको वाटायचा. सगळ्या मैत्रिणींचं काहीतरी नवीन सुरू झालेलं असायचं, एखादा खेळ, एखादं भांडण, आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. पाचवीत गॅदरिंगच्या नाचातून माझं नाव गेलं, कारण तालमी बुडाल्या. अभ्यास मी मैत्रिणीच्या वह्या आणून दोन रात्रीत उतरवला, पण तो नाच आजही आठवतो. नेऊ नका असं मी म्हणत नाही. मदुरैचं मंदिर, हंपीचे दगड, हे सगळं मला त्या सहलींनीच दिलं. पण तारीख ठरवण्याआधी मुलांना एकदा विचारा. त्यांच्या कॅलेंडरवर आपल्याला माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी असतात.

शेतकरी गृहिणी, कागल तालुका

आमच्यात आधी ऊस जायला पाहिजे. टोळी कधी मिळंल त्यावर सगळं. यंदा फेब्रुवारीत ऊस गेला की मालक म्हणत्यात, पोराला घेऊन पंढरपूर-तुळजापूर करून येऊ. घरात दोन म्हशी हायत्या, धारा काढायला जाऊबाई तयार झाल्यात, त्यांच्याही पाया पडायला पाहिजे. पोरगा तिसरीत हाय. मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, फेब्रुवारीत नेलं तर चालंल का?

शिक्षिका, करवीर तालुका

चालेल, ताई. तिसरीला फेब्रुवारीत फारसं अडत नाही, वार्षिक परीक्षेला अजून अवकाश असतो. वर्गशिक्षकांच्या नावानं साध्या कागदावर अर्ज द्या, कुठे आणि कुठल्या तारखेपर्यंत ते स्पष्ट लिहा, आणि तो मुलाच्या हातात न देता तुम्ही नाहीतर मालक स्वतः जाऊन द्या. पाढ्यांची वही बरोबर ठेवा, एसटीत म्हणता येतात. ऊस लांबून मार्चअखेर गेला, तर मात्र परीक्षा तोंडावर आलेली असते, मग सहल मे महिन्यावर ढकला. आणि आल्यावर चंद्रभागेचं वाळवंट त्यानं वर्गात सांगितलं पाहिजे, असं त्याच्या बाईंना माझ्याकडून सांगा.