‘निर्ढावलेली’ म्हणायचं की ‘घट्ट मनाची’?

वॉर्डातली ताई
नागपुरात १९ वर्षं नर्स आहे. मे महिन्यात उष्माघाताचे पेशंट येत होते, तेव्हाची गोष्ट. एका मुलाची आई गेली. मी सलाईन काढली, तिचे डोळे मिटवले, चादर ओढली आणि शेजारच्या खाटेकडे वळले. तिथे आजोबा तापाने फणफणले होते. मागून त्या मुलाचा आवाज आला, ‘या बाया निर्ढावलेल्या असतात.’ त्या वेळी त्याला काय बोलणार? शब्द मात्र रुतून बसला.

माझं म्हणणं असं, की माणूस निर्ढावतो तो वाईट काम करून करून. लाच खाणारा निर्ढावतो, चोर निर्ढावतो. पहिल्यांदा हात कापतो, मग कापेनासा होतो. कोडगा तो, ज्याला बोललेलं लागत नाही. मला तर लागलं! आम्ही मन घट्ट करतो. निर्ढावणं आपसूक होतं. घट्ट मात्र रोज ड्यूटीवर चढताना मुद्दाम करावं लागतं. त्या रात्री फुटाळा तलावाच्या काठाला गाडी लावून मी किती वेळ रडत बसले, माझं मलाच माहीत.

इतवारीकर
ताई, तुमच्या कामाबद्दल शंका नाही, पण शब्दाबद्दल पटलं नाही. सरावाने काही वाटेनासं होणं, एवढ्याच अर्थाने लोक ‘निर्ढावणं’ वापरतात. कुदळ चालवणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात, त्यात त्याचा काय दोष? मनालाही पडतात. माझे वडील गेले तेव्हा घाटावर सरण रचणारा माणूस शेजाऱ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होता. मला हाच शब्द सुचला. ज्याचं माणूस गेलंय त्याला समोरच्याचं आतलं कुठून दिसणार?

गोकुळपेठ
मी स्वयंपाकघरातून बोलते. तूप थिजतं, ऊब लागली की पातळ होतं. डिसेंबरात आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. निबर भेंडी मात्र कितीही शिजवा, तोंडात दोरेच येतात. कडक दोन्ही, पण एक परत मऊ होतं, दुसरं होत नाही. ‘भीतीने थिजला’ म्हणतो तेव्हा तो पुन्हा हलेल हे आपण धरूनच चालतो. ‘निर्ढावलेला’ म्हटलं की आशा संपली. मी ताईंच्या बाजूने.

जुना ओव्हरसियर
भेंडी आणि तूप ठेवा बाजूला. नागपूरभर सिमेंटचे रस्ते झाले, तरी लोक अजून ‘सिमेंट वाळलं’ म्हणतात. सिमेंट वाळून टणक होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. म्हणून तर ओली पोती टाकायची, पाणी मारायचं. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगतं, कोरड्या उष्ण हवेत १०. ताकद तपासायची २८ व्या दिवशी. आमच्या मे महिन्यात पाणी चुकवलं, तर वरचा थर अगोदर आवळतो, भेगा पडतात, नखाने खरवडलं तरी भुकटी निघते. तेव्हा ताई, ‘घट्ट मन’ हाही शब्द मला कच्चाच वाटतो. घट्ट तर गाठही असते, सोडवली की सुटते. तुमच्यासाठी शब्द ‘कणखर’. तो एका रात्रीत होत नाही, आणि रडल्याने कमीही होत नाही.

इतवारीकर
साहेब, दुःखातल्या माणसाने काय भेंडी नि सिमेंट आठवून शब्द निवडायचा? तोंडाला येतो तो बोलतो. हवं तर मी माझ्यापुरता ‘निर्ढावलेला’ सोडतो, ‘घट्टे पडलेला’ म्हणतो. त्या सरण रचणाऱ्याला तोच लागू पडला असता, हे कबूल. पण त्या मुलाला शब्द बदलायला सांगू नका.

वॉर्डातली ताई
त्याला नाहीच सांगणार. दादा, ‘घट्टे’ मला चालेल. घट्ट्याखालीही टोचलं की कळ येतेच. ओव्हरसियर काका, ‘कणखर’ भाषणात शोभतो, घेताना संकोच वाटतो. मला सांगायचंय ते बातमी लिहिणाऱ्यांना. कुठे पेशंट दगावला की चौकशीआधीच ‘निर्ढावलेले कर्मचारी’ असं छापून येतं. त्यांचं तर कुणी गेलेलं नसतं.