मदत हवी आहे: पिकअपच्या हौद्यात मुक्काम आणि मासेमारीची सोय

माझ्या पिकअपच्या हौद्यावर बंदिस्त कॅनोपी (छपरासारखे आच्छादन) बसवून त्यात दोघांना झोपता येईल आणि गळाच्या काठ्या, जाळी व ओले कपडे वेगळे ठेवता येतील, अशी व्यवस्था करायची आहे. हौदा जेमतेम ५ फूट लांब असल्याने झोपताना मागचे फळके उघडेच ठेवावे लागेल. तेथून पाऊस आणि डास आत येऊ नयेत यासाठी काय करावे?

खरी अडचण विजेची आहे. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज रात्रभर चालवताना गाडीची मूळ बॅटरी उतरू नये म्हणून १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वेगळी बसवण्याचा विचार आहे. अनेक नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचा) व्होल्टेज कमीजास्त होत असल्याने मध्ये डीसी-डीसी चार्जर (दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेजने वीज देणारे उपकरण) लागतो, हे ठाऊक आहे. परंतु तो बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवावा की जाड केबल ओढून हौद्यात बसवावा, हे ठरत नाही.

टपावरचा तंबू मी मुद्दाम टाळतो आहे, कारण चालत्या गाडीच्या टपाची भारक्षमता उभ्या गाडीपेक्षा बरीच कमी असते. कप्पे प्लायवूडचे करावेत की ॲल्युमिनियमचे? लाकडात माशांचा वास मुरेल, अशी मला शंका आहे. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.