पोलमानचा आकडा आणि ‘टायग्रिस’

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांची शिकार करणाऱ्या जर्मन जहाजाचा कप्तान ओटो पोलमान याने डझनाहून जास्त शत्रूच्या पाणबुड्या बुडवल्या, असं म्हटलं जातं. अहो, तो त्याचा दावा. युद्धानंतर ब्रिटिश नोंदींशी ताळा केला तेव्हा आकडा पार घसरला. ठोस नाव घ्यायचं तर ‘टायग्रिस’ ही ब्रिटिश पाणबुडी: २७ फेब्रुवारी १९४३, इटलीच्या काप्री बेटाजवळ बुडाली, एकही खलाशी वाचला नाही. तिला बुडवणारी पोलमानची ‘यूजे-२२१०’ म्हणजे मुळात मासेमारीचा ट्रॉलर, वर तोफा नि डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) चढवलेला!

पोलमान खोटारडा होता असं मात्र मला वाटत नाही. डेप्थ चार्ज फुटले, बुडबुडे आले, तेलाचा तवंग पसरला की वरच्याला पाणबुडी संपलीच वाटणार; खालची मात्र गुपचूप निसटलेली. त्याला नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक आणि १९४४ मध्ये त्यावर ओक लीव्ह्ज (त्याच पदकाची वरची पायरी) मिळाले ते अशाच हिशेबावर.