पेरूची जेली पुण्यात १०५ अंशांवर चिवट होते, त्याआधी उतरवली तर पातळ राहते. नेमकी कधी उतरवायची?

परसबाग_पुणे
परसात सरदार (लखनौ-४९) पेरूचं झाड आहे. मृग बहाराची फळं सध्या एकदम तयार होताहेत, आठवड्याला आठ-दहा किलो. शेजारीपाजारी वाटूनही उरतात. एकाच तोड्यात गदरे, पिवळे पिकलेले आणि अगदी मऊ झालेले असे तिन्ही निघतात.

जेलीची कृती अशी: १ किलो पेरू, दीड लिटर पाणी, अर्धा तास उकळून गाळायचं, रसाइतकीच साखर आणि एक लिंबू. १०५ अंशांपर्यंत आटवली की दुसऱ्या दिवशी सुरी घालावी लागेल इतकी चिवट होते. नुसत्या अंदाजाने आधी उतरवली तर काकवीसारखी वाहते. थर्मामीटर नवीन आहे. मऊ पेरूंचं काय करावं तेही सांगा.

रस_गाळणी
थर्मामीटर बरोबर असणार, आकडा पुण्याचा नाही. १०५ अंश हा समुद्रसपाटीचा हिशेब आहे. तिथे पाणी १०० ला उकळतं आणि जेली त्याच्या साधारण साडेचार अंश वर तयार होते. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणजे तुमची जेली १०५ नाही तर १०२.५ अंशांनाच तयार झालेली असते. तिथून १०५ पर्यंत नेईस्तोवर साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांवरून ७५ च्या घरात जातं. चिवटपणा त्याचाच. महाबळेश्वरला तर पाणी ९५-९६ ला उकळतं, तिथे १०० ला उतरवावी लागेल.

म्हणून दर वेळी आधी त्याच थर्मामीटरने साध्या पाण्याचा उकळबिंदू बघा आणि त्यात साडेचार मिळवा. थर्मामीटर अर्धा-एक अंश चुकत असला तरी चूक दोन्हीकडे सारखीच येते, त्यामुळे फरक पडत नाही.

आता रसाकडे. जेलीसाठी गदरे पेरूच घ्या, म्हणजे हिरवा रंग फिकट झालेला पण बोटाने दाबून न दबणारा. पेक्टिन, म्हणजे जेली धरायला लावणारा फळातला घटक, त्यांत भरपूर असतं. चव आणि वासासाठी चारात एक पिकलेला चालेल. मऊ पेरूंतलं पेक्टिन मोडलेलं असतं, जेली पातळ राहण्याचं ते एक मोठं कारण.

पेरू सोलू नका, बिया काढू नका. पातळ चकत्या करा आणि फोडी जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला. किलोला सव्वा लिटर पुरतं. त्यातच २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका, आंबटपणामुळे पेक्टिन रसात लवकर उतरतं. मंद आचेवर ३०-३५ मिनिटं. घोटू नका. मग ओल्या मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. फडकं पिळलं की गर उतरतो आणि जेली कायमची गढूळ होते, थोडा रस वाया गेला तरी चालेल.

साखर डोळे झाकून रसाइतकी घालू नका, आधी रसात पेक्टिन किती ते तपासा. एक चमचा गार रस आणि तीन चमचे मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट एका वाटीत हलकेच मिसळा, पाच मिनिटं थांबा. एकच घट्ट गोळा झाला तर लिटरला १ किलो साखर. दोन-तीन तुकडे झाले तर ७५० ग्रॅम. बारीक कणच दिसले तर ५०० ग्रॅम, किंवा तो रस आणखी आटवून पुन्हा तपासा. हे मिश्रण विषारी आहे, चाखू नका, लगेच फेकून वाटी घासा. तुमच्या दीड लिटर पाण्यातून निघणारा रस बहुधा मधल्या प्रतीचा असेल, त्यात बरोबरीची साखर जास्तच होते.

एका वेळी एक लिटरपेक्षा जास्त रस घेऊ नका. रुंद तोंडाचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ नको. साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग मोठी. हे आटवणं १५-२० मिनिटांत संपलं पाहिजे. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलं की पेक्टिन तुटतं, मग कितीही आटवा, पाकच होतो. लिटरला आणखी २ ते ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागेल, ते शेवटच्या दोन-तीन मिनिटांत.

वजनकाटा
थर्मामीटर नसेल त्यांच्यासाठी वजनाची खूण. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. आतल्या मालाचं वजन घातलेल्या साखरेच्या दीडपट उरलं की तयार. ७५० ग्रॅम साखर घातली असेल तर ११२५ ग्रॅमच्या आसपास. जॅमला ही खूण फार भरवशाची आहे.

झाऱ्याची परीक्षाही सोबत करा. झारा बुडवून वर धरा, क्षणभर निवू द्या आणि तिरका करा. थेंब सुटे पडले तर अजून वेळ आहे. दोन थेंब कडेला एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटले तर गॅस बंद. मात्र ही परीक्षा चालू असताना गॅस बारीक ठेवा, नाहीतर बघता बघता माल पुढे जातो.

परसबाग_पुणे
उकळबिंदूचं लक्षातच आलं नव्हतं. आज पाणी उकळून पाहिलं, ९८ च दाखवतोय. दोन गोष्टी राहिल्या: मऊ पेरू आणि रस गाळल्यावर उरलेला चोथा. आणि साखर आणखी कमी करता येईल का?

पेराड_मडगाव
मऊ पेरूंचा जॅम करा. कुकरमध्ये थोड्या पाण्यात एक शिटी, मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा. मिक्सर अजिबात नको, बिया फुटतात आणि जॅम कचकच लागतो. १ किलो गराला ७५० ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. हा जेलीइतका घट्ट धरत नाही, म्हणून गरात एक-दोन गदरे पेरू मिसळलेले बरे.

चोथा फेकू नका. गाळून बिया काढल्या की त्याचं पेराड होतं, गोव्यात नाताळच्या फराळात असतं ते. १ किलो गर, १ किलो साखर, ५० ग्रॅम लोणी, दोन लिंबांचा रस, चिमूटभर मीठ. गोळा पातेल्याच्या कडा सोडून उलथण्याबरोबर फिरायला लागेपर्यंत ढवळा. शेवटी गरम थेंब हातावर उडतात, लांब दांड्याचं उलथणं घ्या. तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच थापा, दुसऱ्या दिवशी वड्या कापा. नुसत्या चोथ्याला वास कमी असतो, निम्मा ताजा गर घातला तर चव भरून येते.

रस_गाळणी
साखरेबद्दल: जॅम-जेली बाहेर टिकते ती ६५ टक्क्यांच्या साखरेमुळे. पेरूचं पेक्टिन धरतं तेही त्याच आसपास. गराला निम्मी साखर घालून जॅम होईल, पण तो फ्रिजमध्येच ठेवायचा आणि तीन-चार आठवड्यांत संपवायचा. जेलीत साखर कमी करू नका, ती धरणारच नाही. गूळ घातला तर रंग गढूळ येतो. गुळाला जॅमच बरा.

उलट दोष म्हणजे खडे धरणं. आंबटपणा कमी पडला किंवा पातेल्याच्या कडेला चिकटलेली साखर शेवटी आत ढवळली गेली की बरणीत खडीसाखर तयार होते. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. आणि आंबट फार झालं तर जेलीतून पाणी सुटतं, म्हणून सायट्रिक ॲसिड चमच्याने न घालता काट्यावर मोजा.

बरणी_झाकण
कुणीतरी बरण्या उलट्या करून ठेवायला सांगेल म्हणून आधीच लिहितो: तो भरवशाचा उपाय नाही, झाकणाखाली हवा राहतेच. काचेच्या बरण्या धुऊन दहा मिनिटं उकळा, गरम असतानाच भरा. जेलीही ८५ अंशांच्या खाली गेलेली नको. वर पाव इंच जागा ठेवा, कडा स्वच्छ पुसा, नवं झाकण लावा आणि बरणी बुडेल एवढ्या उकळत्या पाण्यात पुण्याच्या उंचीला १० मिनिटं ठेवा. तळाशी फडकं घाला, नाहीतर काच तडकते.

पाण्यातून काढल्यावर २४ तास हलवू नका, तिरपी करून जेली धरली का तेही बघू नका. पेरूची जेली रात्रभर घेते.

बुरशी दिसली तर वरचा थर खरवडून खाली खाऊ नका, पूर्ण बरणी टाका. फसफसत असेल तर तेच. आणि उघडलेली बरणी फ्रिजमध्ये, कोरडा चमचा.

परसबाग_पुणे
आधीच्या चिवट जेलीचं काही करता येईल का? तीन बरण्या आहेत.

वजनकाटा
अर्धा किलोला तीन चमचे कडकडीत पाणी घालून मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत गरम करा, उकळू नका. पुन्हा सुरेख धरेलच असं नाही, पण पोळीवर लावता येईल इतकी मऊ होईल. पाणी वाढल्यामुळे ती आता फ्रिजमध्येच ठेवायची.