प्रति: जीनोम वाचला की झालं?
भाऊ, वर तुम्ही म्हणलात केळीचा जीनोम (सगळा डीएनए वाचून काढलेला) 2012 लाच आलाय, मग उन्हाचा ताण समजायला अजून काय पाहिजे. अहो पण जीन तेच राहतात, रावेर-यावलकडं मे महिन्यात झाडाला पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे ताणाचं संप्रेरक वाढतं, कायनेज नावाची एन्झाइम चालू होऊन दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवतात अन् पानाची रंध्रं मिटतात, काही मिनिटांत, डीएनएत याचा पत्ताच नाही. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूचं वजन मोजायचं यंत्र) हे फॉस्फेट चिकटणं 80 डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) जास्तीच्या वजनावरून कळतं. पण प्रोटीनचे असे फॉस्फेटवाले तुकडे लई कमी, म्हणून आधी ते फॉस्फेट धरून ठेवणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडवर वेगळे काढतात. खरी कटकट त्याच्याही आधी, नमुना लगेच गोठवला नाही तर फॉस्फेटेज ही एन्झाइम ते फॉस्फेट उडवूनच टाकतात. बॅक्टेरियात हिस्टिडीन या प्रोटीनमधल्या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट तर आम्लात टिकतच नाही, म्हणून आम्ल वापरणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत निसटतो.